न्यूयॉर्क सोडलं, परवाना ठेवला: आजीवन शिकारपरवान्याचं एक प्रकरण

जून २०२३. रात्री साडेनऊला भाऊंचा फोन. "अरे, घर विकलं. तेवीस तारखेला ट्रक येतोय. माझ्या त्या शिकारीच्या कार्डाचं काय होणार ते जरा बघून सांग. इथे प्रत्येक जण वेगळंच सांगतोय."

आमच्या मंडळात कुणाचं करांचं, व्हिसाचं, विम्याचं काही अडलं की लोक माझ्याकडे पाठवतात. मी वकील नाही, शिकारी तर मुळीच नाही. आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. नियम शेवटपर्यंत वाचायची खोड आहे एवढंच. त्या फोनपासून पुढच्या दोन हंगामांत काय काय झालं ते इथे लिहितोय. भाऊंनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नियम आणि रकमा मात्र खऱ्या आहेत.

पार्श्वभूमी

भाऊ मूळचे सिंधुदुर्गातले. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागात, बिंगहॅम्टनच्या आसपास त्यांची वीसेक वर्षं गेली. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या लोकांना मॅनहॅटनच दिसतं. पण हे राज्य वर सरकत गेलं की डोंगर, ओढे, मक्याची शेतं आणि अंगणात येऊन गुलाब खाणारी पांढऱ्या शेपटीची हरणं असा सगळा मामला आहे. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार म्हणजे तिथे बंदुकीच्या मुख्य हंगामाची सुरुवात. त्या दिवशी अर्धं गाव उजाडायच्या आत रानात असतं.

भाऊंच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भाताच्या लोंब्या धरल्या की रानडुकरांसाठी रात्री जागायचं, एखादा बार हवेत काढायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय हळूहळू संपला, त्यामुळे भाऊंनी लहानपणी बंदूक पाहिली ती अशी, राखणीपुरती. अमेरिकेत शेजारच्या निवृत्त शिक्षकाने त्यांना शिकारी सुरक्षेच्या वर्गाला नेलं, मचाणावर बसवलं, हरीण सोलायला शिकवलं. वहिनी शाकाहारी घरातल्या. त्यांची अट एकच: माझ्या फ्रीजमध्ये नाही. म्हणून गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर आला.

२०१४ साली भाऊंनी आजीवन स्पोर्ट्समन परवाना घेतला, ७६५ डॉलरला. यात शिकार, मासेमारी आणि टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा परवाना एकत्र येतो. त्याच वेळी चार वर्षांच्या मुलासाठीही घेतला. पाच वर्षांखालच्या मुलांना तो ३८० डॉलरला मिळतो. हिशेब सरळ होता. रहिवाशाला वर्षाचा शिकारपरवाना २२ डॉलर, मासेमारीचा २५, टर्कीचा १०, म्हणजे ५७. साडेतेरा वर्षांत पैसे वसूल. "आपण काय इथून हलतोय!" हे त्या दिवसाचं वाक्य. २०१६ मध्ये मुलगी झाली. तिचा परवाना पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत घ्यायचा, हेही ठरलेलं होतं. राहून गेलं.

मग २०२३ च्या वसंतात नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीजवळ, नोकरी मिळाली.

अडचण नेमकी कुठे होती

भाऊंच्या कानावर तीन गोष्टी आल्या होत्या. शिकारी मित्रांपैकी एकाने सांगितलं, राज्य सोडलं की कार्ड रद्द. दुसरा म्हणाला, रद्द होत नाही, पण तुला परराज्याचा भाव लागेल. तिसऱ्याने, आणि हा आपलाच माणूस, बिंगहॅम्टनजवळच्या व्हेस्टलमध्ये राहणारा, प्रेमाने सुचवलं: "माझा पत्ता लाव की. कोण बघतंय?"

पहिली गोष्ट सरळ चुकीची निघाली. न्यूयॉर्कचा आजीवन परवाना घेताना तुम्ही त्या राज्याचे रहिवासी असावे लागता. एकदा घेतला की नंतर कुठेही राहा, तो चालू राहतो. रहिवासाची अट फक्त विकत घेण्याच्या दिवसापुरती आहे. हे समजल्यावर भाऊंनी फोनवर सोडलेला सुस्कारा मला अजून आठवतो. खरी गुंतागुंत मात्र तिथूनच सुरू झाली, कारण त्या अटीला दुसरी बाजू आहे: ट्रक निघाल्यावर नवीन काहीही आजीवन घेता येणार नाही. मुलीचा परवाना नाही, धनुष्याचा नाही, ठासणीच्या बंदुकीचा नाही. जे काही घ्यायचं ते तेवीस तारखेच्या आत.

राज्ये असे परवाने विकतात तरी का, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर पैशांच्या वाटपात आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या केंद्रीय अबकारी करातून राज्यांना वन्यजीवांसाठी निधी मिळतो. त्यातला मुख्य हिस्सा वाटताना निम्मा भार राज्याच्या क्षेत्रफळाला आणि निम्मा पैसे भरून परवाना घेतलेल्यांच्या संख्येला दिला जातो. माणूस परवानेधारक राहिला तर राज्याला बरंच. नॉर्थ कॅरोलायनाने तर १९८१ मध्ये आजीवन परवान्यांचे पैसे ठेवायला वेगळा कायमनिधी काढला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वापरायचं. आपल्याकडच्या देवस्थानांच्या कायम ठेवीसारखंच.

प्रत्येक राज्याची तऱ्हा मात्र वेगळी. यूटाने आजीवन परवाने विकणं १९९० च्या दशकातच बंद केलं, पण जुन्या धारकांचे परवाने राज्य सोडल्यावरही वैध राहतात, असं तिथला कायदाच म्हणतो. नॉर्थ कॅरोलायना परराज्यातल्या माणसालाही आजीवन परवाना विकते, फक्त महाग. म्हणून "माझ्या मेव्हण्याचं टेक्ससमध्ये असं झालं" या वाक्याचा न्यूयॉर्कच्या कार्डाला काडीचाही उपयोग नाही. रहिवासी आणि परके यांच्यात इतका फरक करणं घटनेत बसतं का, यावर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता, मोंटानातल्या एल्कच्या, म्हणजे एका मोठ्या हरणाच्या, परवान्यावरून. रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळायचा आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागायचा. न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून हा फरक पक्का.

कोणते पर्याय होते

एका रविवारी दुपारी, अर्ध्या भरलेल्या खोक्यांमध्ये बसून आम्ही कागदावर मांडणी केली. वहिनी भांडी गुंडाळत होत्या आणि मध्ये मध्ये बोलत होत्या. त्यांचं बोलणं सर्वांत कामाचं ठरलं, हे पुढे येईलच.

पत्त्याचा पर्याय आधी निकालात काढला. मित्राचा पत्ता रहिवास म्हणून लावायचा म्हणजे खोटी माहिती देऊन सही करायची. त्यातून मिळणार काय? कार्ड तसंही चालूच राहणार. उलट त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कर खात्याला आपण सांगणार की आम्ही जूनमध्ये राज्य सोडलं, वर्षाच्या उरलेल्या भागाचा कर इथे लावू नका. एका खात्याला गेलो म्हणायचं आणि दुसऱ्याला आहे म्हणायचं! शिवाय १९८९ पासून राज्याराज्यांमध्ये शिकार गुन्ह्यांबाबत करार आहे. आज जवळपास सगळी राज्ये त्यात आहेत, न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना दोन्ही. एका राज्यात परवाना निलंबित झाला की तो दुसरीकडेही गेला. शंभर-दीडशे डॉलरसाठी हा धोका घेण्यात अर्थ नव्हता. भाऊंनी व्हेस्टलच्या मित्राला फोन करून सांगितलं, "पत्ता नको, झोपायला जागा दे."

इथे एक बारकावा आमच्याकडून निसटला. राहण्याचा पत्ता आणि टपालाचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहण्याचा पत्ता खरा, नॉर्थ कॅरोलायनाचा द्यायचा आणि टपाल मित्राकडे मागवायचं, हा मधला रस्ता उघडपणे विचारून घेता आला असता. आम्ही "मित्राचा पत्ता" हा शब्दच फुलीखाली टाकला आणि त्यासोबत टपालाचा विचारही गेला. त्याची किंमत नोव्हेंबरात मोजली.

मग प्रश्न मुलीच्या परवान्याचा. ती सात वर्षांची. पाच ते अकरा वयासाठी ५३५ डॉलर. पाचच्या आत घेतला असता तर ३८०, म्हणजे आळसाचा दंड १५५ डॉलर. भाऊंना घ्यायचा होता. मुलाला आहे, मुलीला नाही, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी हातातला कुकर खाली ठेवला. "तिला विचारलंत का? आणि सोळा वर्षांपर्यंत तिला मासे धरायला परवाना लागतच नाही म्हणता, मग आत्ता कशासाठी?" मुद्दा बरोबर होता. बाराच्या आत शिकार नाही. त्यानंतरही ती सहाशे मैलांवरून शिकारीला येणार का, हे कुणी सांगावं? आणि आली तर परराज्याच्या मोठ्या माणसाचा वार्षिक शिकारपरवाना १०० डॉलरचा आहे. मोठेपणी पाच-सहा हंगाम ती खरंच आली तरच ५३५ वसूल.

उरले दोन जोडपरवाने. स्पोर्ट्समन परवान्यात धनुष्य आणि ठासणीची बंदूक येत नाहीत. त्यांचे आजीवन परवाने वेगळे, प्रत्येकी २३५ डॉलर. रहिवाशाला धनुष्याचा वार्षिक परवाना १५ आणि ठासणीच्या बंदुकीचा ११ डॉलर, म्हणजे धनुष्याची वसुली पंधरा-सोळा वर्षांत आणि ठासणीची एकवीस वर्षांत. परराज्याच्या माणसाला वार्षिक दर जास्त, तेव्हा गणित थोडं लवकर जुळतं. पण मुळात जाणार का? धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, हवा छान, मुलांना सुट्टीही काढता येते. ठासणीचा उशिराचा हंगाम डिसेंबरात, मुख्य हंगाम संपल्यावर, गुडघाभर बर्फाच्या शक्यतेत.

माझं मत होतं, घ्यायचाच तर धनुष्याचा घ्या. भाऊ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजोबांची ठासणीची होती रे."

काय ठरलं, काय केलं

मुलीचा परवाना घेतला नाही. ठासणीच्या बंदुकीचा आजीवन परवाना घेतला. धनुष्याचा नाही. १९ जूनच्या आठवड्यात भाऊ टाउन क्लार्कच्या कचेरीत गेले. न्यूयॉर्कमध्ये कुत्र्याच्या परवान्यापासून शिकारीच्या परवान्यापर्यंत बरंच काही तिथे मिळतं. न्यूयॉर्कचं ड्रायव्हिंग लायसन्स अजून खिशात होतं, रहिवास खरा होता, त्यामुळे पाच मिनिटांत काम झालं. याच भेटीत त्यांनी टपालाचा नवा पत्ता विचारला असता तर पुढचं रामायण टळलं असतं, पण नॉर्थ कॅरोलायनातलं घर तेव्हा ठरलं नव्हतं. पहिले दोन महिने भाड्याची सदनिका होती.

मुलाचं वेगळंच काम निघालं. लहानपणी घेतलेला आजीवन परवाना शिकारीसाठी आपोआप वापरात येत नाही. शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचं प्रमाणपत्र परवाना विभागाकडे द्यावं लागतं. मुलाने तो न्यूयॉर्कमध्ये केला नव्हता. सुदैवाने ही प्रमाणपत्रं राज्याराज्यांत चालतात. त्याने सप्टेंबरात नॉर्थ कॅरोलायनात अभ्यासक्रम केला आणि भाऊंनी प्रमाणपत्र न्यूयॉर्कला पाठवलं. हे काम त्यांनी लक्षात ठेवून केलं, कारण ते मुलाचं होतं. स्वतःचा पत्ता बदलणं विसरले.

नॉर्थ कॅरोलायनात न्यूयॉर्कचं कार्ड शून्य किमतीचं. हे सांगायची गरज पडू नये, पण भाऊंच्या नव्या ऑफिसातल्या एका मराठी मुलाला "लाइफटाइम" म्हणजे देशभर असंच वाटलं होतं. आयुष्यभर म्हणजे तुमच्या आयुष्यभर, राज्य तेच. नव्या राज्यात अधिवासाचे साठ दिवस झाल्यावर भाऊंनी तिथला साधा वार्षिक परवाना घेतला. तिथलाही आजीवन घ्यावा का, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. नोकरी नवी, गाव नवं, आणि नॉर्थ कॅरोलायना सोडल्यावरही तो परवाना जास्त पैसे मोजून मिळू शकतो, म्हणजे घाई करायला भाग पाडणारं काही नव्हतं. दोन वर्षांनी बघू, असं ठरलं.

याच बोलण्यात ऑफिसातल्या त्या मुलाचा दुसरा प्रश्न निघाला आणि तो इथे नोंदवायलाच हवा, कारण आपल्यातल्या अनेकांना लागू आहे. तो एच-वन-बीवर होता. केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. वैध शिकारपरवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणजे भाऊंसारख्या नागरिकासाठी परवाना फक्त शिकारीचा प्रश्न, पण या मुलासाठी वार्षिक परवाना संपला आणि बंदूक कपाटात राहिली तर थेट गुन्हा. त्याला मी वकिलाकडे पाठवलं, आणि वकील भेटेपर्यंत दुसऱ्याच्या बंदुकीलाही हात लावू नकोस म्हणून सांगितलं.

पहिला हंगाम

न्यूयॉर्कमध्ये कार्ड आयुष्यभराचं असलं तरी हरणाचे टॅग, म्हणजे मारलेल्या हरणासाठी भरायच्या चिठ्ठ्या, दरवर्षीचे असतात. टॅगशिवाय हरीण मारता येत नाही. मारलं की लगेच टॅग भरायचा आणि सात दिवसांत नोंद द्यायची. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. आजीवन परवानेधारकांना टॅग घ्यायला कुठे जावं लागत नाही, हंगामाआधी ते टपालाने घरी येतात. नऊ वर्षं भाऊंच्या घरी ते असेच येत होते, वीजबिलासारखे. जी गोष्ट न मागता येते तिचा पत्ता आपल्याला बदलावा लागेल, हे डोक्यातच येत नाही. बँक, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांच्या शाळा, सगळीकडे पत्ता बदलला होता. माझ्या यादीतही हे नव्हतं. चूक माझीही.

ऑगस्टात टॅग जुन्या घरी गेले. नव्या मालकाने त्यांचं काय केलं कुणास ठाऊक. भाऊंच्या लक्षात आलं ऑक्टोबरच्या शेवटी, मुलासाठी केशरी जाकीट शोधताना. तोवर आणखी एक दार बंद झालं होतं. बंदुकीच्या मुख्य हंगामात साध्या टॅगवर शिंगंवाला नरच घेता येतो. मादीसाठी वेगळा डियर मॅनेजमेंट परमिट लागतो. तो सोडतीने मिळतो आणि त्याचे अर्ज १ ऑक्टोबरला बंद होतात. या अर्जाची आठवणही भाऊंना दरवर्षी टॅगचं पाकीट हातात आलं की व्हायची.

१७ नोव्हेंबरला, शुक्रवारी, बापलेक निघाले. आय-८१ महामार्गाने व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया ओलांडत दहा तासांचा प्रवास. रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या मागच्या भागात. अनेक राज्यांतून जाताना हा नियम पाळण्यावाचून गत्यंतर नाही. व्हेस्टलला पोचले रात्री नऊला. टाउन क्लार्कची कचेरी बंद, शनिवारीही बंद. हंगामाचा पहिला प्रहर, ज्यासाठी माणूस वर्षभर थांबतो, तो भाऊंनी मित्राच्या स्वयंपाकघरात चहा पीत काढला. सकाळी खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानात परवाना काउंटर उघडला तेव्हा दोघांचे टॅग पुन्हा छापून मिळाले. काउंटरवरच्या बाईंनी पत्ताही तिथेच बदलून दिला. अर्ध्या तासाचं काम.

दुपारी मचाणावर बसले. तीन दिवसांत मचाणाखालून सात माद्या गेल्या. एकही नर नाही. मुलाने मोजल्या होत्या, त्याची वही मी पाहिली आहे. सोमवारी संध्याकाळी रिकाम्या शीतपेटीसह परत.

दुसरा हंगाम

२०२४ च्या ऑगस्टात पाकीट नॉर्थ कॅरोलायनातल्या नव्या घरी आलं. भाऊंनी त्याचा फोटो मला पाठवला, खाली एकच शब्द: "आलं." मादीच्या परमिटचा अर्ज त्याच आठवड्यात केला. मुलाला नाही मिळाला, भाऊंना एक मिळाला. हंगाम १६ नोव्हेंबरला सुरू झाला. दुसऱ्या सकाळी भाऊंनी मादी घेतली. आदल्या वर्षीच्या सातांपैकी एखादी असेल, असं मुलाचं म्हणणं.

मांस घरी नेण्याचाही एक नियम आहे आणि तो आम्ही आधीच वाचून ठेवला होता. हरणांच्या मेंदूत होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग न्यूयॉर्कमध्ये २००५ मध्ये आढळला होता, नॉर्थ कॅरोलायनात २०२२ मध्ये. हा रोग पसरू नये म्हणून नॉर्थ कॅरोलायनात बाहेरच्या राज्यातून अख्खं हरीण आणता येत नाही. हाडं काढलेलं मांस, पूर्ण साफ केलेली कवटी, अशाच गोष्टी चालतात. मित्राच्या गॅरेजमध्ये संध्याकाळभर बसून दोघांनी मांस हाडांपासून सोडवलं, पाकिटं केली, बर्फात घातली. नोंद फोनवरून लगेच दिली. फ्रीझर आता रॅलीच्या गॅरेजमध्ये आहे. वहिनींची अट तिथेही लागू.

पैशांचा हिशेब मांडायचा तर: २०२३ पर्यंत भाऊंच्या ७६५ पैकी नऊ वर्षांचे ५१३ डॉलर वार्षिक दराने फिटले होते. उरले २५२. परराज्याचा शिकारपरवाना १०० डॉलरचा धरला तर तीन हंगामांत तेही फिटतात. दोन झाले आहेत. ठासणीच्या परवान्याचे २३५ डॉलर मात्र अजून तसेच पडून आहेत. दोन डिसेंबर गेले, भाऊ एकदाही गेले नाहीत. बंदूकही घेतलेली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "असू दे. काही गोष्टी वापरायला घेत नाही माणूस."

आज पुन्हा करायचं झालं तर

पत्ता. घर ठरलं नसेल तर टपालासाठी विश्वासू माणसाचा पत्ता उघडपणे लावून घ्यायचा, राहण्याचा पत्ता खरा ठेवून. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात टॅग आले का, याची आठवण फोनमध्ये लावायची. त्या एका चुकीने पहिला प्रहर आणि मादीचा परमिट दोन्ही गेले. बाकी सगळे निर्णय चुकले असते तरी इतकं नुकसान झालं नसतं.

धनुष्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. ऑक्टोबरची सुट्टी, उबदार हवा, मुलगा सोबत. तो २३५ डॉलरचा परवाना दोन वर्षांत दोनदा वापरला गेला असता. आता भाऊंनी तो आजीवन घ्यायचा ठरवला तरी मिळणार नाही, परराज्याच्या दराने वार्षिकच घ्यावा लागेल.

मुलीच्या बाबतीत मी डळमळीत आहे. तेव्हा जी माहिती होती त्यावर निर्णय बरोबर होता. पण २०२४ च्या हंगामानंतर गॅरेजमध्ये पाकिटांवर तारखा लिहायला तीच बसली होती, आणि पुढच्या वर्षी मीही येणार म्हणून तिने सांगून टाकलंय. ती आठ वर्षांची आहे. बारा व्हायला चार वर्षं आहेत, तोवर मन बदलेलही. नाही बदललं तर दर हंगामाला परराज्याचा परवाना. वहिनींनी तेवढे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे, हे भाऊंना अजून माहीत नाही.